मला परवडतं

प्रिय विहीणबाई,

'प्रिय' लिहिलं खरं, पण त्याआधी बराच वेळ नुसतं पेन हातात धरून बसले होते. 'आदरणीय' लिहिलं असतं तर तुम्ही हसला असतात, आणि तुमचं हसणं तुमच्या जिन्यावरून खालच्या रस्त्यापर्यंत ऐकू जातं. लग्नाच्या वेळी हॉलच्या भाड्याबद्दल तुम्हाला चार ओळी लिहिल्या होत्या. त्यानंतर लिहायची वेळ आली नाही. आपण भेटतो, कशा आहात, बऱ्या आहात ना, एवढं होतं, आणि मध्ये बबडी असते. ती दोघींशी बोलते, म्हणून आपलं एकमेकींशी न बोलता भागतं. आज मात्र मला तुमच्याशीच बोलायचंय. हे पत्र एकट्या असाल तेव्हा वाचा. जावई ट्रक घेऊन लांबच्या फेरीला गेलेले असतील आणि बबडी कामावर असेल, अशा वेळी. राग आला तरी अर्ध्यावर टाकू नका. राग येण्यासारखं ह्यात पुष्कळ आहे, आणि माझं काम शेवटी आहे.

मी तुमच्यावर जळते, विहीणबाई. हेवा वगैरे शब्द चांगल्या कपड्यांतले झाले, खरा शब्द हाच. अगदी पहिल्या दिवसापासून. तुम्ही आमच्याकडे पहिल्यांदा आलात ते पोरांना पोहायला शिकवून तलावावरून थेट, खेळाचे बूट घालून, केस ओले, गळ्यात ती शिट्टी तशीच. मी पंधरा दिवस आधीपासून खुर्च्यांचे अभ्रे धुऊन, इस्त्री करून बसले होते. तुम्ही त्या खुर्चीवर ओल्या केसांनी मागे रेलून बसलात आणि म्हणालात, "अहो बाई, किती दमलेल्या दिसता, बसा की जरा." माझ्याच घरात मला बसायला सांगितलंत. तुम्ही गेल्यावर बबडी म्हणाली, "किती मोकळ्या आहेत ना त्या." तो 'मोकळ्या' शब्द कितीतरी दिवस माझ्या डोक्यात घोंघावत होता. म्हणजे मी कोण, बांधलेली?

तसं बघितलं तर हो. माझा जन्म बांधण्यातच गेला. त्या मोठ्या दुकानात, तळमजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला माझं टेबल. लोक वर काहीतरी विकत घ्यायचे आणि खाली माझ्याकडून कागदात बांधून, रिबिन लावून न्यायचे. घड्याळं, कपबश्या, शाली, बाळाचे बूट. दिवसभर दुसऱ्यांच्या आनंदाला गाठी मारायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन बबडीला तिखट बोलायचं, हा माझा क्रम. तिचे बाबा असेपर्यंत लाड करणं हे खातं त्यांच्याकडे होतं. ते गेले तेव्हा ती शाळेत होती. मला मिठी मारायला, डोक्यावरून हात फिरवायला कधी जमलं नाही. माझ्या आईनेही मला कधी जवळ घेतल्याचं आठवत नाही. मला वस्तू आणायला जमायचं. बबडी रुसली की मी काहीतरी बांधून तिच्या उशाशी ठेवायची. ती सकाळी कागद सोडायची आणि आमचा तह व्हायचा. त्या तहावर आम्ही दोघी इतकी वर्षं चाललो.

मग तुम्ही आलात. लग्नानंतर पहिल्याच थंडीत मी तिला लोकरीचा लांब कोट नेला, आमच्या दुकानातला, मोठ्या शिंप्याचा. तिने घातला, आरशात बघितलं, छान म्हणाली. पण बाहेर निघताना तिच्या अंगात तुमचं ते जुनं पोहण्याच्या क्लबचं जाकीट होतं. हे गरम आहे ग, म्हणाली. म्हणून मी पुढच्या खेपेला पडदे नेले. मग कपडे धुण्याचं यंत्र पाठवलं, कारण तुमचं जुनं यंत्र खडखडतं असं ती एकदा बोलून गेली होती. तुम्ही दार उघडून त्या माणसांना म्हणालात, "अरे वा, आता माझ्या जुन्याला पेन्शन." सगळे हसले. मी पाठवलेल्या यंत्रावरही हसू मिळालं ते तुम्हाला.

तिच्या चष्म्याच्या दुकानाचं उद्घाटन आठवतं? वर दिव्यांची पाटी मी करून दिली होती. मोठी, निळी, रात्रीसुद्धा लांबून दिसेल अशी. तुम्ही काय आणलंत, तर एक झाडू. आणि पाहुणे यायच्या आधी कंबर कसून तुम्ही ते दुकान झाडलंत, काचा पुसल्यात, चष्म्याच्या काचा घासायच्या यंत्राखालची भुकटी काढलीत. फोटोवाला आला तेव्हा बबडी तुमच्या गळ्यात हात टाकून उभी होती आणि तुमच्या हातात झाडू होता. तोच फोटो तिने भिंतीवर लावला. त्यात वरती पाटीचा एक निळा कोपरा आलाय. मी त्या फोटोत नाही, मी तेव्हा येणाऱ्यांना पाटी किती लांबून दिसते ते दाखवत रस्त्याच्या पलीकडे उभी होते.

दुकान कसं गेलं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, आणि तेच माझं दुखणं आहे. समोर त्या कंपनीचं मोठं दुकान उघडलं, एकावर एक चष्मा फुकट, हे मला दिसत होतं. मी फोनवर विचारायची, कसं चाललंय. ती म्हणायची, चाललंय. प्रत्येक वेळी तोच शब्द. मी तो उचलून खरा मानला, कारण मला तो हवा होता. माझ्या मुलीचं दुकान, माझ्या पाटीखाली, नीट चाललंय हे मी खालच्या मजल्यावरच्या बाईंना, बसमधल्या ओळखीच्यांना, सगळ्यांना सांगत होते. जिला 'चाललंय' ऐकायचंय तिला कुणी दुसरं काय सांगणार.

तिच्या वाढदिवसाला मी ओव्हन घेऊन आले, तो दिवस. टॅक्सीवाल्याला वर पैसे देऊन खोकं जिन्याने चढवून घेतलं. बबडीने दार उघडलं, खोक्याकडे बघितलं, आणि मग वळून तुमच्याकडे बघितलं. माझ्याकडे नाही. तुम्ही आम्लेट परतत होतात. हात पुसत बाहेर आलात आणि अगदी पाऊस आहे, छत्री घ्या, इतक्या साधेपणाने म्हणालात, "वस्तू छान आहे हो बाई. पण ही घरात ठेवायची तर कोर्टातल्या बाईंना कळवावं लागेल." मला वाटलं ही तुमची नेहमीची थट्टा. मी हसायला तोंड उघडलं आणि विचारलं, कुठलं कोर्ट. बबडी म्हणाली, "आई, बस. सांगते." आणि तुम्ही गॅस बंद केलात आणि दूध आणायला खाली गेलात. दूध घरात होतं, विहीणबाई. ओट्यावर भरलेलं पातेलं मला दिसत होतं. तुम्ही आम्हाला एकटं सोडलंत. तेवढा शहाणपणा दाखवलात म्हणून मी त्या क्षणी तुमच्यावर आणखीच चिडले.

मग तिने सांगितलं. काचा घासायचं यंत्र हप्त्यावर, दुकानाचं भाडं एका कार्डावर, त्या कार्डाचे पैसे दुसऱ्या कार्डावर, आणि दोन्ही मिटवायला तिसरीकडून कर्ज, सगळं तिच्या एकटीच्या नावावर. रोज फोन. शेवटी ती कोर्टात गेली आणि म्हणाली, माझ्याच्याने फिटत नाही, मला नीट फेडू द्या. कोर्टाने सगळ्या घेणेकऱ्यांना बोलावलं आणि योजना आखून दिली. आता स्वतःचं दुकान बंद करून ती समोरच्या त्याच कंपनीच्या दुकानात नोकरी करते. पगारातून घरखर्चाला ठरलेला भाग तिच्याकडे, बाकीचा कोर्टाने नेमलेल्या बाईंकडे, आणि त्या बाई तो सगळ्यांना वाटून देतात. चार वर्षं असं. नवीन उसनवारी नाही, काही मोठं मिळालं तर लपवायचं नाही, आणि शेवटपर्यंत नेमाने भरलं तर उरलेलं माफ. हे सगळं ती इतक्या शांतपणे सांगत होती की मला ती परकी वाटली. "आता कुणी फोन करत नाही, आई," असं म्हणाली, जसं कुणी म्हणावं की आता ताप येत नाही. मी एकच विचारलं. मला का नाही सांगितलंस. तिने टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा केले आणि म्हणाली, "तू लगेच काहीतरी आणलं असतंस."

ती पुढे बोलत राहिली आणि मी ऐकत राहिले, पण मधे एक वाक्य आलं आणि मी तिथेच अडकले. ती म्हणाली, तुम्हाला कसं कळलं ते. ती जिन्याच्या पायरीवर बसली होती, फोन हातात वाजत होता आणि ती तो नुसता बघत होती. तुम्ही तलावावरून परत येत होतात. तुम्ही काही विचारलं नाहीत. तिच्या हातातून फोन घेतलात, कानाला लावलात आणि म्हणालात, "ती आत्ता बोलणार नाही. मी तिची आई बोलतेय. काय असेल ते मला सांगा." बबडी हे सांगताना हसत होती. तिचे डोळे भरलेले होते आणि ती हसत होती. मी ओव्हनच्या खोक्यावर हात ठेवून बसले होते. त्या माणसाला तुम्ही 'सासू' म्हणून सांगितलं असतंत तरी चाललं असतं की. शेजारीण म्हटलं असतंत तरी चाललं असतं. तो फोनवरचा माणूस थोडाच ओळखपत्र मागणार होता.

खोकं घेऊन मी टॅक्सी करून परत आले. ते अजून माझ्या स्वयंपाकघरात आहे, न उघडलेलं. त्यावर मी आता भाजी चिरते.

त्यानंतर तुम्ही तिला 'बबडी' म्हणायला लागलात. तोवर 'पोरी' म्हणायचात. ते नाव तिच्या बाबांनी ठेवलं होतं आणि ते गेल्यावर ते माझ्या एकटीकडे उरलं होतं. तुम्हाला ते कुणी दिलं? मी दिलेलं नाही. तिनेच दिलं असणार, आणि ह्यावर मी कुठल्या कोर्टात जाऊ.

योजना कशी चाललीय ते बघायला कोर्टाने ठेवलेल्या तारखेला मीही येणार असा हट्ट मी धरला, तो निव्वळ तुमच्यामुळे. बबडी नको म्हणत होती. मी म्हटलं, सासू येते आणि आई घरात बसते, लोक काय म्हणतील. लोकांचा काही संबंध नव्हता. त्या बोळात आपण तिघी बाकावर बसलो, ती मध्ये. तुम्ही केळी आणली होती. केळी, कोर्टात. मी तिच्यासाठी नवी पर्स आणली होती. तिचं नाव पुकारलं तेव्हा उठता उठता तिने हात लांब केला, आणि तो तुमच्या बाजूला गेला. मी तो हात बघत बसले. माझ्या बाजूचा हात पर्सचा पट्टा धरून होता, तिच्या स्वतःच्या पर्सचा.

आत ते न्यायाधीश, कागद लांब धरून वाचणारे. बबडीने नंतर सांगितलं, त्यांच्या चष्म्याचा नंबर वाढलाय, त्यांना कुणीतरी सांगायला हवं. त्यांनी विचारलं, घरात कोण कोण, कमावतं कोण, अडीअडचणीला आधार कुणाचा. ती म्हणाली, "सासूबाईंचा." एक शब्द, आणि तो तिला शोधावा लागला नाही. मी शेवटच्या बाकावर होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तेवढ्यात कर्ज देणाऱ्या कंपनीचा तो वकील उठला, आणि म्हणाला, ह्यांच्या घरी महागड्या वस्तू येतात, कोट आहे, धुण्याचं यंत्र आहे, नुकताच ओव्हन आला होता, ह्यांनीच तसं कळवलंय, सगळं ह्यांच्या आईकडून. आईची ऐपत आहे, तर हप्ता वाढवून द्या. त्याला काय हवंय हे एखाद्या लहान मुलाला कळलं असतं. मला कळलं नाही. मला एवढंच कळलं की ह्या खोलीत पहिल्यांदा कुणीतरी माझं नाव काढलं. मी उभी राहिले. तुम्ही माझं कोपर ओढलंत, मी ते सोडवून घेतलं. आणि म्हटलं, "हो, मी देते. एकुलती एक मुलगी आहे माझी. मला परवडतं."

न्यायाधीश म्हणाले, आपण बसा, आपल्याला कुणी विचारलेलं नाही. पण शब्द गेला तो गेला. तो वकील मान हलवून खाली बसला, पोट भरल्यासारखा. कोर्टाने नेमलेल्या बाईंनी सांगितलं की ओव्हन परत गेलाय, बाकी वस्तू जुन्या आहेत, तरी न्यायाधीशांनी लिहून घेतलं. आईकडून खरोखर नेहमीची मदत होत असेल तर हप्त्याचा फेरविचार करू. आईंनी काय काय दिलं, कुठल्या पैशातून दिलं, पुढे काय देणार, ते लेखी द्यावं. पुढची तारीख. त्या योजनेत बबडीचा घरखर्च आधीच काटेकोर बसवलेला आहे. त्यातून आणखी काढायचं म्हणजे तिने बस सोडून चालत कामावर जायचं की डबा सोडायचा, एवढाच प्रश्न. आणि एकदा हप्ता चुकला की सगळी योजना मोडते, फोन पुन्हा सुरू. हे मला तुम्ही नंतर बोळात समजावून सांगितलंत, शांतपणे, केळं सोलता सोलता. तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं.

जिना उतरताना बबडी माझ्या पुढे होती. शेवटच्या पायरीवर थांबली आणि म्हणाली, "आई, खरं सांग. तुझ्याकडे एवढे पैसे आहेत?" मी म्हटलं, आहेत ग. ती पुढे चालायला लागली. तुम्ही मात्र थांबलात आणि माझ्याकडे बघितलंत. पाण्यातलं पोर खेळतंय की बुडतंय हे काठावरून ओळखणाऱ्या बाईची नजर आहे तुमची. मी मान वळवून बसचा नंबर बघायला लागले. मला वाटतं तुम्हाला तेव्हाच समजलं. तुम्ही बबडीला काही बोलला नाहीत, हेही मला माहीत आहे, नाहीतर ती आली असती.

गेल्या रविवारी मी तुमच्याकडे आले होते. तुम्हाला माहीत नाही, कारण मी दार वाजवलं नाही. बबडीला समोर बसवून सगळं सांगायचं असं ठरवून निघाले होते, बसमध्ये वाक्यं सुद्धा जुळवली होती. तुमच्या मजल्यावर पोचले तर स्वयंपाकघराची खिडकी उघडी. आत तुम्ही दोघी टेबलावर महिन्याच्या पैशांची वाटणी करत होता, कपांमध्ये. "हा साबणाचा, हा बसचा, हा दिव्याच्या बिलाचा," तुम्ही म्हणत होतात, "आणि हा सिनेमाचा." बबडी म्हणाली, "सिनेमाच्या कपाचा कानच तुटलाय, त्यात काही टिकत नाही." आणि मग तुम्ही दोघी हसायला लागलात. ती टेबलावर डोकं ठेवून हसत होती. लहानपणी बाबांबरोबर हसायची तशी, श्वास अडकून, नाकातून आवाज येईपर्यंत. मी ते हसणं इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं. मला वाटलं होतं ते त्यांच्याबरोबर गेलं. ते इथे होतं, तुमच्या स्वयंपाकघरात, कपांच्या रांगेसमोर, आणि मला कुणी कळवलं नव्हतं. डोक्यावर एवढं देणं असलेल्या बाईने असं हसावं? मी जिन्यात उभी राहून तिचाही हेवा केला. माझ्या मुलीचा. तिला रात्री झोप लागत असणार. मी चपलांचा आवाज न करता खाली उतरले. त्या हसण्यासमोर जाऊन माझी वाक्यं म्हणायची मला हिंमत झाली नाही.

आता काम सांगते. मला परवडत नाही, विहीणबाई, कधीच परवडत नव्हतं. कोट, पडदे, यंत्र, ती निळी पाटी, ओव्हन, सगळं मी दुकानातल्या माझ्या जुन्या खात्यावर उचललं. निवृत्त झाल्यावरही ते खातं त्यांनी चालू ठेवलं होतं. त्याची मर्यादा संपली तेव्हा कार्ड काढलं, आणि कार्डाचीही संपली तेव्हा पेपरातली जाहिरात बघून एका ठिकाणाहून रोख उचलली. पेन्शन येते ती व्याजातच विरघळते. मुद्दल जागच्या जागी. तुमच्यापेक्षा एक पाऊल पुढे राहायचं म्हणून हे केलं, हे लिहायला मला ह्या घटकेला सुद्धा जड जातंय, पण खरं तेच आहे. गेल्या आठवड्यात एक माणूस वसुलीला दारात आला आणि जिन्यात मोठ्याने बोलायला लागला. खालच्या बाईंनी दार किलकिलं केलं. मी त्याला सांगितलं की बाई घरी नाहीत, मुलीकडे राहायला गेल्यात, मी कामवाली. तो गेल्यावर मी पहिल्यांदा बबडीला समजून घेतलं. ती जिन्यात का बसली होती ते. तिला मी नको होते असं नव्हतं, तिला माझ्यासमोर तशी दिसायचं नव्हतं. मलाही तिच्यासमोर तशी दिसायचं नाहीये. परवा मी एकटीच कोर्टाच्या इमारतीत जाऊन आले. खिडकीवरच्या मुलीने सांगितलं, तुम्हालाही अशी योजना मागता येईल, सगळे कागद घेऊन गुरुवारी सकाळी या, आणि बबडीच्या तारखेसाठी जे लेखी द्यायचं ते पण तेव्हाच द्या, म्हणजे तिचा हप्ता वाढायचा प्रश्न उरणार नाही. वर म्हणाली, "आजी, एकट्या येऊ नका. घरचं कुणीतरी बरोबर आणा. घाबरलेल्या माणसाला अर्धंच ऐकू येतं." मी हो म्हटलं आणि बाहेर येऊन पायरीवर बसले, घरचं कोण ते आठवत. म्हणून हे पत्र. तुम्ही याल का? गुरुवारी, सकाळी, कोर्टासमोरच्या औषधाच्या दुकानापाशी मी उभी असेन. मला तिथे काय बोलायचं ते कळत नाही आणि तुम्हाला कळतं. ते तुम्हाला कळतं ह्याचाही मला राग आहे, तो जाईल तेव्हा जाईल, तोपर्यंत तुम्ही या. हवं तर केळी आणा. फक्त एक गोष्ट. बबडीला हे तुम्ही सांगायचं नाही. तिथून निघून मी सरळ ती नोकरी करते त्या दुकानात जाईन, तिच्या जेवणाच्या सुट्टीत, आणि तिला बाहेर बोलावून मी स्वतः सांगेन, हात हलवत जाऊन. तुम्ही पलीकडच्या फुटपाथवर थांबा वाटलं तर, पण जवळ येऊ नका. तुम्हाला तिचं सगळं आधी कळलं. माझं तिला माझ्याकडून कळू दे. तेवढं एक माझ्याकडे राहू द्या.

तुमचीच,
बबडीची आई